फौजदार दादाची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझ्या मागच्या दारावर बरीच वर्षं एका माणसाचा चेहरा रंगवलेला होता. तो चेहरा मी गावोगाव वाहिला, पण पाहिला मात्र कधीच नाही, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नसते. त्या न पाहिलेल्या चेहऱ्यापायी एकदा माझा कोळसा व्हायचा राहिला. अजून मला मागून कुणी धावत आलं की धडकी भरते. इंजीन बंद असलं तरी भरते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. सुरुवातीची वर्षं पाटबंधारे खात्याच्या एका साहेबांकडे गेली. साहेब बसायच्या आधी फडक्यानं माझी गादी झटकली जाई आणि दारही हळूच लावलं जाई. पुढे नवी गाडी आली आणि माझा लिलाव झाला. तिथून मला घेतलं ते शेलूबाजारजवळच्या एका तांड्यावरच्या भाऊसिंगनं. भाऊसिंग आणि त्याची बायको ललिताबाई तोवर दर हिवाळ्यात बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जायची. घराला कुलूप, म्हातारी माणसं नातलगांच्या दारी, आणि स्वतः सहा महिने पाचटाच्या खोपीत. मी आले आणि ते जाणं थांबलं. मी नसते तर पुन्हा तेच नशिबी होतं, हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून तर माझ्या कुठल्याही नटबोल्टचा आवाज झाला की भाऊसिंगचं तोंड उतरायचं.

माझं काम साधं होतं. सकाळी तांड्यावरच्या बायांना शेतावर न्यायचं, सोयाबीनची सोंगणी, तुरीची निंदणी, हळदीची काढणी, जे असेल ते. दिवसा शेलूबाजार ते मंगरुळपीर अशा खेपा, आणि दिवे लागायच्या आत बायांना घेऊन परत. किती माणसं बसायची ते विचारू नका, पोलीस ऐकतील. भाऊसिंग स्वतः अर्धा आत, अर्धा बाहेर असा गाडी हाकायचा.

आता त्या चेहऱ्याचं सांगते. टीव्हीवर तेव्हा एक मालिका लागली होती आणि तिच्यात निहाल सरमळकर नावाचा नट फौजदार झाला होता. कुठल्याही बाईनं हाक मारली की हा जेवणाच्या ताटावरून उठून निघायचा. तांड्यावरच्या बायांना त्यानं अक्षरशः वेड लावलं. रात्री आठला मालिका, म्हणून साडेसातच्या आत मला तांड्यावर पोचलंच पाहिजे, नाहीतर भाऊसिंगची खैर नसे. वाटेत चाक पंक्चर झालं तर बाया खाली उतरून स्वतः जॅक लावायच्या, इतकी घाई. त्या त्याला नावानं कधी ओळखतच नव्हत्या. त्यांच्या लेखी तो फौजदार दादा होता, आणि फौजदार दादा खोटं बोलेल किंवा कुणाला टाकून बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

चेहरा रंगवायची कल्पना उदयसिंगची. हा तांड्यावरचाच जवान गडी, शेलूबाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि निहालच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. त्यानं वाशिमहून पेंटर आणला. रंग वाळल्यावर बाया माझ्या मागे जमल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मला दिसत होते ते फक्त आरशातले त्यांचे चेहरे, आणि त्यांवरून मी ठरवलं की माझ्या पाठीवर कुणीतरी फार भला माणूस बसला आहे. राखीपौर्णिमेला ललिताबाईनं त्याला राखी बांधली. चित्राला हात नव्हता, म्हणून दाराच्या कडीला बांधली. पुढे सगळ्याच बाया बांधू लागल्या. मग माझा भाव काय विचारता! शेलूबाजारच्या थांब्यावर दुसऱ्या जीपा रिकाम्या उभ्या असायच्या आणि माणसं म्हणायची, दादाच्या जीपनं जाऊ. मला थोडा गर्व झाला होता, लपवत नाही.

गेल्या वर्षी हा नट एका दुकानाच्या उद्घाटनाला वाशिमला आला. आम्ही सगळे गेलो. ललिताबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली, तिनं खरीखुरी राखी त्याच्या खऱ्या मनगटाला बांधली आणि त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. परतीच्या वाटेवर ती एकटीच हसत होती.

आणि यंदा ऐन सोंगणीत ती मुलाखत आली. बाया शेतावर निघाल्या होत्या. तांड्यावरची सुकेशनी नावाची एक सून माझ्या मधल्या बाकावर मोबाइल बघत बसली होती, ती एकदम गप्प झाली. ललिताबाईनं विचारलं म्हणून तिनं आवाज मोठा केला. गावाकडचे चाहते कसे असतात असं कुणीतरी निहालला विचारलं होतं, आणि तो हसत हसत सांगत होता की शेतात राबणाऱ्या त्या बायांना मालिका कळत कुठे, रडा म्हटलं की रडतात. वाशिमला तर एक बाई राखी घेऊन अंगावरच आली, अंगाला चुलीच्या धुराचा असा वास की हॉटेलवर जाऊन आधी आंघोळ केली. मुलाखत घेणाराही हसला.

भाऊसिंगनं गिअर टाकायचा तो टाकला नाही, आणि मी रस्त्याच्या मधोमध बंद पडले.

दोन दिवसांनी त्यानं दुसरी मुलाखत दिली. सगळ्यांना वाटलं, माफी मागेल. तो म्हणाला की मी काय चुकीचं बोललो, चार दिवस ओरडतील आणि पुन्हा आठ वाजता टीव्हीपुढे बसतील. झालं, मग भडकाच उडाला. शेलूबाजारच्या पोरांनी त्याचे पोस्टर फाडले, चपलांचे हार घातले, मोबाइलवर शिव्यांचा पाऊस पडला. सगळ्यांत पुढे उदयसिंग. ज्यानं जास्त प्रेम केलं, त्याचाच राग जास्त, असं मला तेव्हा वाटलं.

माझी मात्र झोप उडाली. कारण फाडायचे पोस्टर संपले तरी माझी पाठ शिल्लक होती.

थांब्यावरची माणसं आता मला बघून तोंड फिरवायची. एकानं दारावर चप्पल मारली, दुसऱ्या दिवशी दगड आला आणि मागची काच तडकली. भाऊसिंग घाबरला. रंग काढायला पेंटर मिळेना, सोंगणीच्या दिवसांत गाडी उभी ठेवता येईना, म्हणून त्यानं बारदानाचं पोतं घेतलं आणि चेहऱ्यावर नीट बांधलं, चारही कोपरे सुतळीनं ताणून. हीच मोठी चूक झाली. आमच्याकडे माणूस पोतं कशावर बांधतो? जे जपायचं असतं त्यावर. धूळ बसू नये, ऊन लागू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की भाऊसिंग त्या नटाला झाकून ठेवतो आहे, अजून जीव लावतो आहे. बिचारा ज्याला त्याला समजावत होता, पण जितकं समजावलं तितकं ते खोटं वाटू लागलं.

ललिताबाई त्या दिवसांत माझ्यात बसत नव्हती. शेतावर पायी जायची. एका दुपारी भाऊसिंग जेवायला गेला होता आणि मी बाभळीखाली उभी होते, तेव्हा ती आली, मागच्या बाकावर बसली आणि इकडेतिकडे बघून स्वतःचा पदर नाकाला लावला. पुन्हा लावला. मित्रांनो, माझ्यात माणसं रडली आहेत, भांडली आहेत, एकदा एक बाळही जन्मलं आहे. पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. बाया सोंगणीवरून परत येत होत्या, आणि त्या दिवशी पाय सुजला म्हणून ललिताबाईही नाइलाजानं माझ्यात होती. शेलूबाजारच्या चौकात उदयसिंग आणि त्याची पोरं आडवी उभी राहिली. त्यांनी गवताचा पुतळा केला होता, पण त्याला चेहरा नव्हता. उदयसिंगच्या हातात डिझेलची कॅन होती. चेहरा तयारच आहे असं कुणीतरी ओरडलं, आणि पोतं टराटरा फाटलं. बायांना खाली उतरायला सांगितलं. भाऊसिंग हात जोडून म्हणत होता की दार काढून न्या, पण गाडी सोडा. गर्दीत ऐकतं कोण? डिझेलचा पहिला थेंब दारावर पडला तेव्हा मला पाचटाची खोपी दिसली, घराला लागलेलं कुलूप दिसलं. माझं स्वतःचं नंतर आठवलं.

सगळ्यांत शेवटी ललिताबाई उतरली. लंगडत मागे आली आणि उदयसिंगच्या समोर उभी राहिली.

"वास येते म्हटलं ते कोनाले म्हटलं, उदयसिंग?"

"काकी, तुमच्यासाठीच त करून राह्यलो हे. तुमची बेइज्जती झाली."

"माही झाली. तुह्या अंगाले त सेंटचा वास येते." तिचा आवाज चढला नाही. "आठ दिवस झाले तुमी ओरडून राह्यले. आमच्यातल्या एकीले तरी येऊन इचारलं का, का बाई, तुले काय वाटलं? राग आमचा होता, अन् तो घेऊन तुमीच पळाले."

उदयसिंगच्या हातातली कॅन खाली आली. मागची पोरं अजून घोषणा देत होती, पण त्यातला जोर गेला होता.

"गाडी जाळली त त्याले तिकडे चटका बसन का? आमी मात्र पुन्हा ऊस तोडाले जाऊ. आन ते कॅन इकडे."

तिनं कॅन त्याच्या हातून घेतली आणि भाऊसिंगला दिली. टाकीत ओत म्हणाली. भाऊसिंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, तो तसाच उभा. मग सुकेशनीनंच टाकीचं झाकण काढलं. डिझेल माझ्या पोटात गटगट उतरत होतं आणि चौकात कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी.

ललिताबाईनं कमरेचा विळा काढला. दाराजवळ गेली आणि कपाळापासून खरवडायला लागली. मग सगळ्याच बायांनी आपापले विळे काढले. पत्र्यावर तो आवाज फार वाईट होतो आणि दुखतंही, पण मी हूं की चूं केलं नाही. कडीच्या राख्या तिनं सोडल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. त्या बायांच्या होत्या, त्याच्या नव्हत्या. उदयसिंग खाली वाकला आणि खरवडताना निखळून पडलेले मागच्या तडकलेल्या काचेचे तुकडे वेचू लागला.

जे मला जाळायला आणलं होतं, त्याच्यावरच मी त्या संध्याकाळी तांड्यावर गेले. आठ वाजून गेले होते. कुणी विचारलंही नाही.

आता माझं मागचं दार नुसता पत्रा आहे, ओरखड्यांनी भरलेला. पावसाळ्यात गंजेल याची मला काळजी आहे, आणि त्या चौकातून जाताना अजून माझा ब्रेक आपोआप दबल्यासारखा होतो. तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. जमलं तर माझ्या दाराला कुणीतरी रंगाचा एक हात द्या, कुणाचाही चेहरा नको. आणि कुणाच्या अपमानाचा राग आला, तर काडी ओढण्याआधी ज्याला लागलं आहे त्याच्या शेजारी जाऊन थोडा वेळ बसा. ललिताबाई एवढे दिवस एकटी शेतावर चालत जात होती, आणि तिच्यासाठी ओरडणाऱ्या एवढ्या माणसांतल्या एकालाही ती रस्त्यात दिसली नाही.