रिकाम्या नळीतला उजेड

कार्लोने बनवलेल्या यंत्राच्या दारातून उजेड आत शिरतो, असं त्याच्या तोंडावर म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. गुनहिल्ड तिचं नाव. स्वीडनमधल्या उप्सालाच्या इस्पितळातली प्रयोगशाळा तिच्या हाताखाली, आणि आमचं यंत्र घ्यायचं की नाही हेही तीच ठरवणार.

यंत्र म्हणजे एक काळा डबा. रक्ताच्या नमुन्यात रसायनं घातली की डोळ्याला दिसणार नाही इतका मंद उजेड निघतो, तो हा डबा मोजतो. जितका उजेड, तितकं हार्मोन. चार वर्षं आम्ही दोघं त्याच्या मागे होतो, कार्लो लेथवर आणि मी तारांच्या जंजाळात. फिनलंडमधल्या तुर्कूहून, आमच्या गावाहून, बोटीत चढताना मालकांनी बजावलं होतं, "तेलेर्वो, उप्सालाने नाही म्हटलं तर हा डबा बंद. सोमवारपासून न्हाणीघरातले वजनकाटे करायचे." वजनकाटे! ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं.

आणि इथे पहिल्याच घासाला खडा. नळी रिकामी, कोरी, आकडा शून्याच्या आसपास हवा. आमच्या डब्याने दाखवले तीनशे! शेजारच्या त्यांच्या जुन्या यंत्रात तसलीच नळी घातली, तर स्वच्छ शून्य.

"दाराला फट आहे," गुनहिल्ड म्हणाली.

"नाही," कार्लो म्हणाला. दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, त्यातला एक खर्चला.

"मग काय माझी नळी दिवा लावून बसलीय? नाचता येईना अंगण वाकडं!"

कार्लोने आपला जाड कोट काढून डब्यावर पांघरला. मी दुसरी नळी आत घातली. पुन्हा तीनशे.

"बघ, फट नाही," मी म्हटलं.

"मग आतच बिघाड आहे. चला, कॉफी."

"आत्ता?"

"तीन वाजले ना!"

घर पेटलं तरी या लोकांची तीनची कॉफी चुकायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करते काय? दालचिनीचा बन समोर आला, तो चिवडत बसले. आजूबाजूला सगळ्या जणी खिडकीला चिकटून, डोळे मिटून, तोंडं उन्हाकडे करून बसलेल्या. मे महिना होता. हिवाळाभर अंधार काढल्यावर आम्हीही घरी असंच करतो.

परत आलो. नळी तशीच आत होती. सहज बटण दाबलं, तर आकडा बारा.

"घ्या! मनाला येईल ते दाखवतं हे," गुनहिल्ड हसली.

मी मात्र खिडकीकडे बघत होते. कोऱ्या नळ्यांचं स्टँड कठड्यावर भर उन्हात उभं होतं.

"गुनहिल्ड, नळ्या नेहमी तिथेच ठेवतेस?"

"आत्ताच, ऊन पडायला लागल्यापासून. का गं?"

"अगं बाई! प्लास्टिक ऊन पितं, आणि अंधारात गेल्यावर थोडा वेळ ते सांडत बसतं!"

तीच नळी उन्हात ठेवून पुन्हा आत घातली. तीनशे, आणि आमच्या देखत आकडा उतरू लागला. कपाटातल्या बंद खोक्यातली नळी घातली, तर अकरा.

"पण आमच्या यंत्रात तर..." गुनहिल्ड मध्येच थांबली.

"इतका मंद उजेड त्याला दिसलाच नाही," मी म्हटलं. जीभ आवरली नाही, आणि का आवरावी?

बाई मोठ्या मनाची खरी. तोंड वाकडं न करता तिने फ्रीजमधून एक नमुना आणला. "ही रुग्ण वर्षभर शून्यच दाखवतेय. हार्मोन परत यायला लागलं की नाही, कळत नाही. औषध अंदाजाने चाललंय."

रसायनं घालून, थांबून, खोक्यातल्या नळीत मोजलं. नव्वद. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. नव्वदच्याच आसपास.

गुनहिल्ड खुर्चीवर टेकली. मग फोन ओढून वॉर्डातल्या डॉक्टरांना म्हणाली, "तिचं हार्मोन परत येतंय. हो, नक्की. मला दिसतंय ना!" फोन ठेवला आणि जुन्या यंत्राची पिन तिने स्वतःच्या हाताने उपटली. "तुमचा डबा इथून हलवायचा नाही. असे आणखी किती देता, ते सांगा."

मी आनंदाने अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. कार्लो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.