शक्तीबाईंचा काढा

चार दिवस झाले, कौसल्याबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. उगाच गॅलरीत जायच्या, कठड्याला हात लावून परत यायच्या, टोप चढवलेला नसताना गॅस बंद आहे का बघायच्या. दहा वर्षांची नात मनू इस्पितळातून घरी आली तेव्हापासून हे असं. मनूला साखरेचा आजार निघाला होता, लहान वयातच गाठतो तो. दिवसाला चार वेळा इन्सुलिन. सोमवारपासून सून वैशाली कामावर जाणार, मुलगा राजरत्न बसवर ड्युटीला. दुपारचं इन्सुलिन आजीनं द्यायचं ठरलं होतं.

आणि आजी त्या इन्सुलिनच्या पेनाला शिवायला तयार नव्हती.

"आई, वाचता येतं ना तुम्हाला? आकडा लावायचा नि टोचायचं," वैशाली म्हणाली.

"वाचता येतं म्हणूनच घात झाला," कौसल्याबाई पुटपुटल्या नि पुन्हा गॅलरीत गेल्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी नायगावच्या विहारातल्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या. कुणाच्या मदतीशिवाय वाचलेला पहिला लांबलचक शब्द कोरोनाच्या दिवसांत दुकानातल्या काढ्याच्या पुडीवर भेटला. बोट ठेवून वाचला: प्र-ति-का-र-श-क्ती. पुढे होतं, 'वाढवते'. झालं! त्या दिवसापासून घरात गुळवेलीचा काढा उकळायला लागला. चाळीत कुणी खोकलं की बाईंचा पेला हजर. लोक त्यांना 'शक्तीबाई' म्हणायला लागले. कोरोना गेला, वैशालीनं काढा बंद करायला सांगितला. बाईंनी मान हलवली आणि ती कामावर गेली की मनूला पाजत राहिल्या. पोरगी नाक दाबून प्यायची.

मग इस्पितळातल्या भिंतीवर तोच शब्द पुन्हा भेटला. 'या आजारात मुलाची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते.' दोनदा वाचला. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, आणि घरातला काढा आठवला.

शनिवारी परळच्या इस्पितळात मनूला दाखवायला चालत जायचं होतं. भोईवाड्यापर्यंत बाई सगळ्यांच्या पुढे, तिथून पुढे सगळ्यांच्या मागे. डॉक्टरीणबाईंनी मनूचा कागद उघडला न उघडला, तोच त्या बोलून गेल्या.

"मॅडम, पोरीच्या अंगातले हे हल्ला करणारे सैनिक मी पोसले. काढा पाजून. ती इस्पितळात जाईपर्यंत."

वैशाली गर्रकन वळली. "इस्पितळात जाईपर्यंत? मी नको म्हटलं होतं ना, आई?"



डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, ऐका. छातीत एक छोटी गाठ असते, शाळाच समजा. रक्तातल्या टी पेशी, म्हणजे तुमचे सैनिक, तिथं शिकतात, आपलं कोण, परकं कोण. ज्यांना कळत नाही त्यांना तिथंच काढून टाकतात. थोड्या तरी निसटतात. एरवी त्यांना दाबून धरणाऱ्या पेशी असतात, पण मनूच्या बाबतीत तो धाक कमी पडला. त्या स्वादुपिंडात शिरल्या आणि इन्सुलिन बनवणाऱ्या घरच्याच पेशी मारत सुटल्या. हे कित्येक महिने, कदाचित वर्षं चाललं असेल. आपल्याला दिसलं ते शेवटी."

"पण कशानं?"

"पुरतं कुणालाच ठाऊक नाही. थोडं जन्मानंच येतं. तुमच्या काढ्यानं झालं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण चोरून पाजलंत ते चूकच. यापुढे मला विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा नाही."

"म्हणजे त्या पेशी अर्धवट शिकलेल्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "माझ्यासारख्या."



परतीच्या वाटेवर वैशाली मनूचा हात धरून पुढे चालली. घरी तिनं भाकरी केल्या, मनूनं बोट टोचून साखर बघितली, आणि वैशालीनं पेन सासूपुढे ठेवलं. "सहा लावा."

इंग्रजी आकडे बाई अक्षरांच्याही आधी शिकल्या होत्या, बसच्या पाट्यांवरून. त्यांनी खटका फिरवला, थांबल्या. "सहा."

मनू वाकून बघायला लागली. "शक्तीबाई, पेन उलटं धरलंयस! नऊ आहेत ते."

कौसल्याबाईंनी निखारा टाकावा तसं पेन चटईवर टाकलं. "बघितलंस? नको गं वैशाली. माझ्या हातून पोरीचं काहीतरी होईल. शेजारच्या ललिताला सांग."

वैशाली उठली. आता ही जाणार ललिताकडे, असं बाईंना वाटलं. पण ती आरशापाशी गेली, कपाळावरची टिकली काढली आणि पेनावर, आकड्याच्या खिडकीच्या वरच्या अंगाला, दाबून चिकटवली.

"टिकली वर असेल तरच वाचायचं. मग मनू वाचणार. मग फोनवर मला दाखवायचं. तिघींचा आकडा एक आला तरच टोचायचं. आणि आई, माझ्यापासून परत काही लपवलंत, तर मी खरंच ललिताला सांगेन."

कौसल्याबाईंनी पेन उचललं. खटका शून्यावर नेला. टिकली वर घेतली. एकेक टक ऐकत त्यांनी तो फिरवला.

"सहा," त्या म्हणाल्या.

"सहा," मनू म्हणाली.

वैशालीनं वाकून बघितलं, जरा जास्तच वेळ.

"सहा. टोचा."