पिस्तुलाखालची टकळी

आमच्या डोंगरात कोंबडासुद्धा आपल्या सात पिढ्या मोजल्याशिवाय आरवत नाही. मूळ एकच निघालं, तर ठरलेलं लग्न मोडतं. माझी नात क्रस्तिन्या आणि गाव्रोचा नातू रादोये यांच्यावर तीच वेळ आली.

"वुकोता, तुमचा पूर्वज पेरो आणि आमचा मिकान सख्खे भाऊ!" गाव्रो गरजला. "एकाच रक्तात सोयरीक करतोस?"

मी म्हटलं, "चल, मिकानलाच विचारू." मेलेली माणसं माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत, तो धंदा जिवंतांचा.

चर्चमागे मिकानच्या थडग्याचा दगड अर्धा जमिनीत गेला होता. वर कोरलेलं पिस्तूल साऱ्या गावाने पाहिलेलं. मी कुदळीने माती काढली, तर खाली सूत कातायची टकळी कोरलेली! पुरुषाच्या दगडावर पिस्तूल असतं, बाईच्या दगडावर टकळी. दोन्ही असतात ती एकीच्याच दगडावर: बाप मारला गेला, भाऊ पाळण्यात, म्हणून लग्न न करण्याची शपथ घेऊन जन्मभर पुरुष म्हणून जगलेल्या मुलीच्या.

"गाव्रो, तुझा मिकान म्हणजे पेरोची थोरली बहीण."

"गप रे म्हाताऱ्या! मग आम्ही कुठून आलो?"

"एखादं पोरकं पोर तिने वाढवलं असणार. म्हणजे रक्त वेगळं. का तिने शपथ मोडली म्हणतोस?"

गाव्रोने दगडासमोर टोपी काढली.

"शपथ मोडणारी नव्हती ती. लाव लग्न! पण मांडवात मी सांगणार हं, तुमच्या घराण्यात मर्द एकच निपजला, आणि तोही आमच्या वाट्याला आला!"