कोयत्यातलं दुसरं नाव

युसूफ वडगाव या गावी फोन वाजला तेव्हा सुभद्राबाई टँकरच्या रांगेत घागर लावून नुकतीच घरात शिरली होती. पलीकडून कारखान्याचा माणूस म्हणाला, "सटवाची बायको वारली. दवाखान्यात या."

"आवं, सटवाची बायको मीच हाय की!" ती म्हणाली, हसलीसुद्धा. मग मटकन खाली बसली. सटवाबरोबर ऊस तोडायला तिची नणंद गेली होती, शिवकन्या.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा ही तोडीची रीत. पण त्या दुष्काळी साली शिवकन्याच्या नवऱ्याचा, धर्मराजचा, पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून ती भावाबरोबर गेली. मुकादमानं हाताच्या सवयीनं लिहिलं, 'सटवा व बायको'. दवाखान्याच्या कागदावर तेच उतरलं. धर्मराज तलवाड्याहून कुबड्यांवर पोचला, तर तिथला माणूस म्हणाला, "नवऱ्याला बोलवा." सही सटवाला करावी लागली. धर्मराज भिंतीला टेकून बघत राहिला.

तीन वर्षांनी ऊसतोड कामगारांच्या सहकारी संस्थेनं टोळ्यांच्या नोंदणीसाठी मोबाईलवरचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. चेअरमन बबनरावांनी धर्मराजला बोलावलं.

"वीस हंगाम तोडीला गेलास, लिहितावाचता येतं. तू तपास. तुझी सही झाली की दसऱ्याला चालू करू. आठ दिवस हायत."

सॉफ्टवेअर बनवणारी गीता संभाजीनगरहून आली होती. ती म्हणाली, "काका, नीट भरू नका. मुकादम भरतील तसं भरा. चुका आत्ताच सापडू द्या."

धर्मराजनं शंभर पानी वही आणली आणि संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत बसला. गावाचं नाव चुकीचं टाकलं, मोबाईलचे नऊच आकडे टाकले. सॉफ्टवेअरनं दोन्ही पकडलं. वहीत 'पास' पडत गेलं. गीता खूश झाली.

मग त्यानं नाव टाकलं, 'सटवा'. दुसऱ्या नावाचा रकाना मोकळाच ठेवून बटण दाबलं. हिरवी खूण आली, 'नोंद झाली'.

त्यानं वहीत लिहिलं, 'नापास'.

"काका, चाललं की ते!"

"चाललं म्हणूनच नापास. बाई कुठंय यात?"

गीतानं दुपारपर्यंत दुरुस्ती केली. आता दुसऱ्या नावाशिवाय नोंद होईना. धर्मराजनं दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'बायको'. पुन्हा हिरवी खूण.

गीता हसायला लागली. "असं कोण लिहील?"

"समदे लिहितात," धर्मराज म्हणाला. मग दवाखान्यातली सगळी हकिकत त्यानं सांगितली, एका दमात, आवाज न चढवता. गीताचं हसू कुठल्या कुठं गेलं. तिनं वही ओढून घेतली. "अजून काय काय लिहितात ते सांगा."

"मंडळी. घरवाली. पोरीची आई. आणि नातं तुमी आपोआपच नवरा-बायको धरलंय. ते इचारा. भाऊ-बहीण असंल, मायलेक असत्याल. बाईच्या माणसाचा नंबर येगळा घ्या."

तिसऱ्या दिवशी बबनराव आले. "धर्मराज, कावून अडवून ठिवलंस बे? मुकादम वैतागलेत. कोयता एकच मोजायचा, नाव एक काय अन् दोन काय?"

"कोयता एक मोजा, चेअरमन. माणसं दोन लिहा."

"लई शाना झालास. सही कर."

"न्हाई. एकदा माझ्या सहीची गरज नव्हती कुणाला. आता हाय, तर नीट करतो."

बबनरावांनी गीताकडे पाहिलं. ती म्हणाली, "साहेब, यांनी नापास केलेलं मीही पास करणार नाही."

बबनराव टोपी झाडत उठले. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला तयार पाहिजे. मग तुमी दोघं झोपा नायतर जागा."

आदल्या दिवशी दुपारी धर्मराजनं सटवाच्या नावाखाली पुन्हा 'बायको' टाकलं. लाल अक्षरं आली, 'बाईचं स्वतःचं नाव लिहा.' त्यानं 'शिवकन्या' लिहिलं. नात्यापुढे 'बहीण' निवडलं. तिच्या माणसाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, खाली स्वतःचा नंबर. नोंद झाली. थोडा वेळ तो त्या नोंदीकडे बघत बसला, मग चाचणीची नोंद म्हणून ती पुसली आणि वहीच्या शेवटच्या पानावर सही केली.

दसऱ्याला नोंदणी सुरू झाली. जुन्या रजिस्टरात 'बायको' म्हणून पडलेल्या सहाशे बारा बायांची नावं अजून शोधायची आहेत. आणि शिवकन्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव अजून सटवाच आहे. ते बदलायचं राहिलं आहे.