देवीची लाल रेघ

हिवरखेडात आठवडी बाजाराला जमत नाही एवढी गर्दी रेघवाल्या महाराजांच्या मांडवात जमली होती. महाराज भक्ताचं बोट टोचत, रक्ताचा थेंब पांढऱ्या पट्टीवर टाकत, वर कुपीतलं ‘तीर्थ’ सोडत आणि डोळे मिटून पाव तास मंत्र पुटपुटत. तेवढ्यात पट्टीवर लाल रेघ आपोआप उमटे. एक रेघ म्हणजे देवीचा कोप, दोन म्हणजे देवी पावली. सकाळपासून ज्याला त्याला एकच रेघ येत होती. देवीला अख्ख्या गावाचा एवढा राग कशापायी, हे कुणी विचारलं नाही. सगळे निमूट ताईत बांधून घेत होते.

माणिकबाई भाजीचा मळा टाकून आली होती. तिचा नवरा शेषराव आठवडाभर दिवसाआड थंडी वाजून फणफणत होता, म्हणून तिने त्याला सोबत आणलं होतं. त्याच्या पट्टीवर मात्र दोन रेघा उमटल्या.

“देवी पावली,” महाराज म्हणाले. “आता दवाखान्याची एक गोळी जरी घेतली, तं ते कोपली समज.”

माणिकबाईला रडूच फुटलं. ती पाया पडणार, तोच गावची आशा आरोग्य कार्यकर्ती साधना पुढे झाली. तिने महाराजांच्याच ढिगातली कोरी पट्टी उचलली, रक्त न टाकता नुसतं तीर्थ सोडलं आणि पाव तास सगळ्यांना बसवून ठेवलं. लाल रेघ उमटली.

“महाराज, याच्यात रक्तच नाई. मंग देवी कोपली कोणावर?”

“तीर्थावर,” महाराज म्हणाले. मांडवात खसखस पिकली.

साधनाने पट्टीच्या टोकाला महाराजांनी चिकटवलेला शेंदरी कागद सोलला. खाली कंपनीची छापील अक्षरं निघाली.

“हे मलेरिया तपासाची पट्टी हाय, माह्या पिशवीतबी हेच असते. पयली रेघ सांगते का पट्टी बरोबर चालली. ते सगळ्यायले येते. दुसरी आली म्हंजे रक्तात मलेरियाचे जंतू हायेत.”

“म्हंजे यायले मलेरिया हाय?” माणिकबाईने विचारलं.

“हाय. अन् गोळ्या घेतल्या तं बरा होते.”

ज्या एका माणसाला औषध हवं होतं, त्यालाच महाराजांनी बरा ठरवलं होतं आणि धडधाकट गावाला ताईत बांधले होते.

महाराज पट्ट्या गोळा करू लागले. माणिकबाईने त्यांची वाट अडवली.

“यायचं काही बरंवाईट झालं असतं, तं म्या म्हटलं असतं, देवीनं नेलं. तुमचं नाव बी तोंडात आलं नसतं.”

शेषरावला ऑटोत बसवून ती साधनाबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. तेव्हा बाबांनो, रेघ उमटली की लगेच हात जोडू नका. ती कशाने उमटली, हे आधी विचारा, आणि ताप असेल तर दवाखाना गाठा.