टोकन नंबर चारशे एकाहत्तर

थोरले भाऊजी वस्तरा घेऊन सासऱ्यांची दाढी करायला बसले, तेव्हा मला अशी किळस आली की हातातलं पातेलं ओट्यावर आपटून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. तीन वर्षांत ह्या माणसानं बापाच्या अंगाला बोट लावलेलं नाही. दोन महिन्यांतून एकदा यायचं, दारातच हाताला सॅनिटायझर चोळायचं, खुर्ची पलंगापासून चार हात लांब ओढायची आणि तिथून मला शिकवायचं. कूस अशी बदल, पावडर तशी लाव. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं! आणि आज तोच गृहस्थ बाह्या सरसावून बापाच्या गालाला फेस फासत होता, वर "बाबा, हनुवटी वर, शाब्बास," असं लाडालाडानं बोलत होता.

सासऱ्यांचं सगळं मी करते. सगळं म्हणजे सगळं. शेजारीण विचारते, तुला किळस नाही का गं येत? नाही येत. अकरा वर्षं मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसले. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येत नव्हता, त्यांनी शिकवलं. घड्याळं, रेडिओ, पुढं मोबाइल, जे बिघडेल ते. पोटची दोन पोरं, पण एकही त्या दुकानात टिकलं नाही. थोरल्यांना ऑफिसातला एसी हवा होता, आणि आमच्या ह्यांना काय हवं होतं ते ह्यांना अजून कळलेलं नाही. मग एक दिवस सासऱ्यांना दुकानातच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख आहे. डावा हात चालतो, आणि नजर तर अशी आहे की समोरच्यानं खाली बघावं.

ह्या सगळ्याला सुरुवात झाली आठवड्यापूर्वी. थोरले घराचे कागद शोधायला पलंगाखालची पेटी उपसत बसले होते. कागद काही मिळाले नाहीत. मिळाला एक पत्र्याचा डबा, आणि डब्यात पेनड्राइव्हएवढी काळी वस्तू, इवलीशी काच, दोन बटणं. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर सासऱ्यांच्या अक्षरात सहा आकडे. थोरल्यांना ह्यातलं थोडंफार कळतं. त्यांनी ती वायरीनं लॅपटॉपला लावली, आकडे दाबले, आणि पडदा बाहीनं दोनदा पुसून बघितला. जाऊबाई वाकून बघायला गेल्या आणि बोटानं शून्यं मोजायला लागल्या. ते क्रिप्टोचं, म्हणजे त्या इंटरनेटवरच्या नाण्यांचं वॉलेट होतं. आत जे पडून होतं त्यात दोन घरं आली असती, असं थोरले म्हणाले. म्हणाले कसले, कुजबुजले.

असतील शितं तर जमतील भुतं. दुसऱ्या दिवसापासून दोघं रोज हजर. जाऊबाई सफरचंदं घेऊन आल्या. सासऱ्यांना तीन वर्षांपासून घन काही गिळता येत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनीच दोन कापून खाल्ली आणि साली उशाशी ठेवून गेल्या.

आता ही नाणी विकायची तर एक्स्चेंजवर पाठवायला हवीत, म्हणजे जिथं त्यांचे साधे पैसे होतात तिथं. थोरल्यांनी खातं सासऱ्यांच्या नावानं उघडलं. आपल्या नावावर कटकट नको, म्हाताऱ्या माणसाला कोण काय विचारतंय, असा विचार. पण एक्स्चेंजवाल्यांनी अडवलं. वॉलेटचा पत्ता, म्हणजे ती आकड्याअक्षरांची लांबलचक ओळ, खातेदाराचीच आहे हे सिद्ध करा म्हणाले. त्यासाठी ते एक वाक्य पाठवतात, आणि त्यावर त्या वॉलेटची सही करून परत धाडायचं. सही म्हणजे काय, तर वस्तू हातात धरून दोन बटणं दाबायची. थोरल्यांनी बापाच्या पलंगावर बसून, बिस्किट खाता खाता दाबली. झाली सही. मी विचारलं, म्हणजे चोरानं हे उचलून नेलं आणि बटणं दाबली तर मालक चोरच का? थोरले म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही.

रक्कम मोठी, म्हणून तेवढ्यावर भागलं नाही. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो मागवले. फोटो काढताना मागच्या झाकणावर, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असा, सुईनं कोरलेला आकडा थोरल्यांना दिसला. ४७१, आणि पुढं एक टिंब. त्यांना आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. बाबांची खूण, म्हणाले. बाबा वस्तूंवर खुणा करायचे, आठवतं ना? आमच्या ह्यांनीही मान डोलावली. फोटोखाली तसं लिहून दिलं, की ही आमच्या वडिलांच्या मालकीची खूण आहे.

दुकानात आठ दिवस जरी बसले असते ना दोघं, तरी असलं काही लिहिलं नसतं. सासरे खूण करायचे ती गिऱ्हाइकाच्या वस्तूवर. वस्तू हातात आली की आधी टोकन नंबर सुईनं कोरायचा, टिंब द्यायचं, मगच पहिला स्क्रू काढायचा. चिठ्ठी हरवते, कोरलेला नंबर हरवत नाही. त्यांचं स्वतःचं मनगटी घड्याळ, पकड, भिंग, कशावरही साधा ओरखडा नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, आपलं आपल्याला ओळखू येतं की, खूण लोकांच्या वस्तूला करायची. त्यामुळं तो ४७१ बघितल्याबरोबर मला कळलं, ही वस्तू गिऱ्हाइकाची आहे.

मग ती दुरुस्तीला घेऊन आलेली बाईही आठवली. आखूड केस, अंगात दवाखान्याचा निळा कोट, कडेला रडकं पोर. पोरानं सरबत सांडलं आणि बटण चिकटलं, असं सांगत होती. दुरुस्तीनंतर तपासून बघायला म्हणून ते सहा आकडे तिनं अगदी हळू सांगितले होते, आणि जाताना दारातून परत फिरून म्हणाली होती, ह्यात माझं सगळं आहे हो काका, जपा. म्हणून सासऱ्यांनी तिच्यासमोर वेगळ्या डब्यात ठेवलं. आठव्या दिवशी त्यांना झटका आला. महिन्याभरात ह्यांनी दुकानातलं किडूकमिडूक पेटीत भरून घरी आणलं आणि दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं, तिथं आता चपला विकतात. ती येऊन गेली असणार. किती खेपा घातल्या असतील, देव जाणे.

मी हे आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ह्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"तीन वर्षं झाली," म्हणाले. "ती बाई आहे का गेली, कुणाला माहीत? तू तोंड शिवून बस."

मग आवाज मऊ करून सांगायला लागले, की दादा दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा दोन नर्सा ठेवणार आहे, तुझी सुटका होईल, तुझी कंबर किती दुखते मला दिसत नाही का. नाही दिसत. तीन वर्षांत कधी दिसली नव्हती, आज बरोब्बर दिसली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही, आणि इथं तर मढंही नाही, जिवंत बाप आहे! असं मी म्हणाले, पण मनातल्या मनात. कंबर खरंच दुखते हो. सलग पाच तास झोपले त्याला तीन वर्षं होऊन गेली.

एक्स्चेंजनं शेवटी व्हिडिओ कॉल मागितला. खातेदारानं स्वतः, वस्तू हातात धरून, हे माझं आहे असं सांगायचं. त्यासाठी ही दाढी. कडक इस्त्रीचा सदरा चढवला, खाली चादरीत डायपर तसंच. जाऊबाईंनी नाकाला रुमाल लावून खोलीभर सेंट मारला. कॅमेऱ्यातून वास जातो असं त्यांना वाटत असावं. थोरल्यांनी तालीमही घेतली. दोन बोटं बापाच्या हनुवटीखाली घालून मान वर-खाली, वर-खाली. "असं करायचं बाबा, हो म्हणायचं. सोपं आहे." सासरे छताकडं बघत होते. तोंडाच्या कडेनं लाळ ओघळली तेव्हा थोरल्यांनी बोटं झटकन काढून घेतली आणि चादरीला पुसली. मला वाटलं, बोलावं. आत्ता बोलावं. आणि मी लाळ पुसली.

पडद्यावर एक तरुण पडताळणीवाली आली, कानाला हेडफोन, बोलायला गोड. तिनं इतरांना बाजूला व्हायला सांगितलं आणि थेट सासऱ्यांना विचारलं, "काका, हे वॉलेट तुमचं आहे का? असेल तर मान हलवा."

सासऱ्यांनी मान हलवली नाही. थोरले उशीमागून ढकलायला गेले, तर ती म्हणाली, सर, प्लीज, त्यांना हात लावू नका. मग तिनं वस्तू त्यांच्या हातात द्यायला सांगितली. त्यांनी डाव्या हातात घेतली, अंगठ्यानं उलटी केली, चाचपत चाचपत खुणेपर्यंत नख नेलं आणि हात कॅमेऱ्यापुढं धरला. नख नंबरावरून हललं नाही. मग तसाच हात माझ्याकडं वळवला.

"बघा, खूण दाखवतायत स्वतःची!" थोरल्यांचा आवाज आनंदानं फाटला.

पडद्यावरची बाई म्हणाली, फोटोत पाहिली आहे. पण ते बोलू शकत नाहीत, तर रोज त्यांचं करणारं, ह्यात काही वाटा नसलेलं कुणी आहे का? थोरल्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. ही धाकटी सून, म्हणाले, हिचा ह्यात छदामही नाही. खोटं बोलताना ह्या माणसाची पापणी लवत नाही.

"ताई, तुमचं उत्तर नोंदलं जाईल," बाई म्हणाली. "काका अशी खूण स्वतःच्याच वस्तूंवर करतात का?"

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते विनवणी वगैरे करत नव्हते. दुकानात भिंगात डोळा घालून ते नुसता हात पुढं करायचे आणि हवी ती पकड मी ठेवणार ह्याची त्यांना खात्री असायची, तसे शांत होते. मी बोलणार ह्यात त्यांना काही शंकाच नव्हती. मला निळा कोट आठवला. पोराचं शेंबडं नाक आठवलं. आणि खोलीतली ती माझी चटई दिसली, जिच्यावरून मी दर दोन तासांनी उठते. कमरेत कळ आली. खरंच आली, की मी आणली, ते मला आजही सांगता येणार नाही.

"हो," मी म्हणाले. "स्वतःच्याच वस्तूंवर करतात."

बाईनं आभार मानले. मालकी मान्य झाली, पैसे दोन दिवसांत मोकळे होतील, काकांना लवकर बरं वाटू दे, असं सगळं बोलून ती गेली. थोरल्यांनी बापाच्या मुठीतून वस्तू काढून घेतली. मूठ सुटेना, तर एकेक बोट उघडलं. जाऊबाईंनी मला मिठी मारली. आमचे हे पाठीवर थाप मारून म्हणाले, शहाणी आहेस. मग सगळे बाहेरच्या खोलीत जाऊन घरांच्या जागांवरून भांडायला लागले. इतक्यात. दोन दिवसही दम नाही.

मी कोमट पाणी आणलं. थोरल्यांनी दाढी केली होती ती अशी, की कानामागं साबण तसाच वाळलेला. ओला कपडा गालाला लावला, तर सासऱ्यांनी तोंड फिरवलं. वाटलं पाणी गरम लागलं, म्हणून मनगटावर घेऊन बघितलं. बेताचंच होतं. परत लावायला गेले, परत फिरवलं. "बाबा, साबण खाजेल," मी म्हणाले. त्यांनी डावा हात उचलला. कपडा माझ्या हातातून काढून घेतला, पण कसा, तर माझं बोट जिथं लागलं नव्हतं तिथलं टोक चिमटीत धरून.

त्यांना माझी किळस आली होती. मला चांगली ओळखता येते, आठवडाभर मीच तर घरातल्या प्रत्येकाकडं तशी बघत होते.

पिळायला दुसरा हात नाही, त्यामुळं कपडा गळत होता. सदऱ्याची कॉलर भिजली, उशी भिजली. साबण होता त्या कानापर्यंत हात पोचत नव्हता, तरी ते स्वतःच पुसत राहिले. मी बादली धरून उभी होते, आणि त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.