धोंडूच्या तळ्यातलं नामस्मरण

नीट उजाडलंही नव्हतं, तरी भांडुपच्या जुन्या खाणीतल्या तळ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. शेकडो कटला मासे पाण्याबाहेर तोंड काढून ओठ हलवत होते.

"पाहा, मुके जीव नाम घेतायत!" जलानंद महाराज गरजले. "टाका प्रसाद!" लाडू, लाह्या, पेढे धपाधप पाण्यात पडले. दोन मासे पोट वर करून तरंगले, तर महाराज म्हणाले, "हे मोक्षाला गेले!"

तळं धोंडूचं. बांधापलीकडचं त्याच्या चुलतभावाचं, गुणाजीचं. दोघांनी मत्स्यबीज एकदमच सोडलं होतं, मग देव धोंडूकडेच का? गुणाजीच्या पोटात दुखायला लागलं. त्यात धोंडू ओरडला, "काय रे गुणाज्या, तुजे मासे नास्तिक काय?"

गुणाजीच्या तळ्यात रात्रभर पाणी घुसळणारं चाक फिरायचं. विद्यापीठात मत्स्यशेतीवर संशोधन करणाऱ्या मृणालिनी मॅडमनी ते बसवून दिलं होतं. धोंडूने 'कटकट नको' म्हणून नाकारलं होतं. "खडखडाटात देव कसा येईल?" महाराजांनी गुणाजीला सुनावलं. त्या रात्री गुणाजीने चाक बंद केलं आणि टोपलीभर लाडू तळ्यात ओतले.

पहाटे त्याचेही मासे वर! तो नाचायचाच बाकी होता. तेवढ्यात पाणी तपासायला मृणालिनी आल्या. मीटर बुडवताच ओरडल्या, "चाक कोणी बंद केलं?"

"मॅडम, नामस्मरण..."

"कसलं नामस्मरण? गुदमरतायत ते! रात्री शेवाळंही पाण्यातला प्राणवायू वापरतं, वर सडणारे लाडू उरलासुरला संपवतात. म्हणून मासे पहाटे तोंड वर काढतात. आधी चाक लावा!"

चाक फिरलं. हळूहळू मासे खाली गेले.

"आणि धोंडूचे?"

"आभाळ भरलंय. तुमचे आता थोडा वेळ तग धरतील, पण ऊन नाही पडलं तर शेवाळं प्राणवायू सोडणार नाही, आणि त्याचे दुपारपर्यंत सगळे मरतील."

मरू देत, असंच गुणाजीच्या मनात आलं. वर्षाची मेहनत बुडली की धोंडूचा तोरा उतरेल. मग त्याला पाण्यावरची ती आ वासलेली तोंडं आठवली. त्याने चाक उपसलं आणि मॅडमच्या मदतीने बांधावरून ओढत नेलं.

"गुणाज्या, तू माझ्यार जळतंस!" धोंडू आडवा आला.

"होय रे, जळतंय! पण तुजे मासे मेले तर जळू कोणार? बाजूक हो!"

चाक सुरू झालं. नामस्मरण थांबलं, मासे बुडी मारून गेले.

"देव कोपला!" महाराज किंचाळले.

"महाराज," मृणालिनी म्हणाल्या, "नाक दाबून, तोंड मिटून बसा. बघू, किती वेळात तुमचेही ओठ हलतात!"

लोक खो खो हसले. महाराज घाईत निघाले, आणि धोंडू मान खाली घालून मेलेले मासे वेचू लागला.

चमत्कार दिसला तर खुशाल बघा. पण हात जोडण्याआधी एवढं विचारा, ज्या जिवावर तो घडतोय, त्याचं काय होतंय?